औषधाची कसोटी आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग

परळीच्या वैद्यनाथाविषयी जी कथा आपल्या भागात पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते, तीत असे वर्णन आहे की समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी ही दोन्ही रत्ने भगवान विष्णूंनी येथील शिवलिंगात गुप्त ठेवली. लोभाविष्ट असुर त्यास स्पर्श करू गेले तेव्हा त्यातून ज्वाळा निघाल्या, आणि भक्तांनी स्पर्श केला तेव्हा मात्र अमृताची धार वाहू लागली. गाभाऱ्यात जाऊन लिंगास हात लावून दर्शन घेण्याची मुभा येथे भाविकांस परंपरेने आहे, तिचे मूळही याच कथेत सांगितले जाते. अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवस्थानाच्या गावी औषध आणि श्रद्धा यांचे नाते घनिष्ठ असावे यात नवल नाही. परंतु कारखान्यातून निघून पेठेतील दुकानात येणारी गोळी नुसती हातात घेतल्याने ती अमृत आहे की विष, की केवळ खडूची भुकटी, याचा उलगडा होत नाही. तो निर्णय मोजणीने, तुलनेने आणि संभाव्यतेच्या गणिताने करावा लागतो, आणि तो करणारी माणसे रुग्णाच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत. वैद्य दिसतो, औषधविक्रेता दिसतो, वेष्टनावर कारखान्याचे नाव छापलेले असते. परंतु औषध गुणकारी आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या आकडेमोडीवाचून कोणासही प्राप्त होत नाही, त्या संख्याशास्त्रज्ञाचे नाव मात्र कोठेही नसते.

परळीतून निघणाऱ्या या स्मरणिकेत स्थानिक संस्थांच्या वृत्तान्ताबरोबर पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचा इतिहास अंतर्भूत करण्याचे प्रयोजन हेच आहे. महाराष्ट्रात या शास्त्राचे उच्च शिक्षण देऊन, आज औषधनिर्मितीच्या व्यवसायात शेकडो ठिकाणी राबणाऱ्या तरुणांना ज्या मोजक्या संस्थांनी घडविले, त्यांत या विभागाचे स्थान अग्रगण्य आहे. आणि अशा कामातील श्रेष्ठत्वाचा गौरव कसा व्हावा, या प्रश्नाचा विचार करण्यास त्याच्या इतिहासाइतके योग्य साधन दुसरे नाही.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली, संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. त्या वेळी आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, अंबाजोगाईला सरकारदफ्तरी मोमिनाबाद म्हणत, आणि परळीच्या ज्या विद्यार्थ्यास पदवीपर्यंत शिकावयाचे असे त्याची वाट पुण्याकडे जाण्याऐवजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे. मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. गणिताचे एक उपांग म्हणून, किंवा मर्दुमशुमारीच्या आणि पीकपाहणीच्या कारभारास उपयोगी पडणारी कारकुनी विद्या म्हणून ज्या शास्त्राकडे तोवर पाहिले जात होते, त्यास स्वतंत्र विभागाचा मान देणे हा त्या काळी एक धाडसाचाच निर्णय होता. तो यशस्वी झाला याचे श्रेय प्रामुख्याने एका व्यक्तीकडे जाते.

वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म १९१९ साली कोल्हापूर येथे झाला. केंब्रिज येथे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या, संभाव्यतेच्या तात्त्विक पायाचा आयुष्यभर विचार केलेल्या पंडिताच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले, आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधामुळे त्यांचे नाव या विषयाच्या क्रमिक पुस्तकांत कायमचे रुजू झाले. त्या निबंधाचा विषय सामान्य वाचकास दुर्गम वाटेल. परंतु आपल्या कथानकाशी त्याचा इतका निकटचा संबंध आहे की तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हाती आलेल्या निरीक्षणांवरून एखाद्या अज्ञात राशीचा, उदाहरणार्थ एखाद्या औषधाने बरे होणाऱ्या रुग्णांच्या खऱ्या प्रमाणाचा, अंदाज करावयाचा असेल, तर ज्या किमतीमुळे प्रत्यक्ष मिळालेली निरीक्षणे मिळण्याची शक्यता सर्वाधिक ठरते ती किंमत स्वीकारावी, अशी एक पद्धत रोनाल्ड फिशर यांनी प्रस्थापित केली होती. या पद्धतीतील समीकरणास एकाहून अधिक उत्तरे संभवतात, तेव्हा खरे उत्तर कोणते हा पेच उरत होता. निरीक्षणांची संख्या वाढत गेली की सत्याकडे नेणारे उत्तर एकच असते आणि शक्यतेचे शिखर त्याच ठिकाणी असते, हे हुजूरबाजारांनी सिद्ध केले. आज जगातील कोणत्याही औषधचाचणीच्या अहवालात जे अंदाज छापले जातात त्यांतील फार मोठा भाग याच पद्धतीने काढलेला असतो, आणि तो छापणाऱ्यास बहुधा ठाऊकही नसते की त्याखालचा एक चिरा कोल्हापूरच्या एका मराठी गणितज्ञाने बसविलेला आहे.

हुजूरबाजारांनी दोन दशकांहून अधिक काळ विभागाची धुरा वाहिली. १९६० साली केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले. नेपच्यून ग्रहाच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या ॲडम्स यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाचा पूर्वीचा एक मानकरी शनीच्या कड्यांवर निबंध लिहिणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता, एवढे सांगितले म्हणजे त्याची योग्यता ध्यानात यावी. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. उत्तरायुष्यात त्यांनी अमेरिकेतील विद्यापीठांतून अध्यापन केले, आणि त्यांच्या दोन कन्यांनीही याच शास्त्रात तेथे नाव मिळविले.

विभाग सुरू झाल्यानंतर एकच वर्षाने, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी क्षेत्रातील पहिला औषधकारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला व लवकरच तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. विभाग आणि कारखाना यांचा उदय योगायोगाने एकाच काळी आणि एकाच परिसरात झाला. परंतु औषधाच्या कारखान्यात संख्याशास्त्राचे नेमके काय काम असते, हे पेनिसिलीनच्या उदाहरणावरून जसे स्पष्ट होते तसे दुसऱ्या कशावरूनही होत नाही, म्हणून त्याचा तपशील थोड्या विस्ताराने देतो.

पेनिसिलीन हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य असल्याने त्या काळी केवळ तराजूत टाकून त्याची शक्ती समजत नसे. ती जिवाणूंवरच पडताळून पाहावी लागे. काचेच्या चपट्या तबकात जिवाणू मिसळलेला आगरचा थर ओतावयाचा, तो गोठल्यावर त्यात लहान गोल खळगे पाडावयाचे, दोन खळग्यांत प्रमाणित औषधाची मोठी व लहान मात्रा आणि दोनांत परीक्षणाच्या औषधाची मोठी व लहान मात्रा घालावयाची, आणि रात्रभर ते तबक उबदार पेटीत ठेवावयाचे. सकाळी प्रत्येक खळग्याभोवती, जिवाणू वाढू न शकल्यामुळे, एक स्वच्छ वर्तुळ उमटलेले असते. या वर्तुळांचे व्यास मोजपट्टीने मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजले जातात. मात्रेचा लघुगणक एका अक्षावर आणि व्यास दुसऱ्या अक्षावर मांडला असता प्रमाणित औषधाची एक आणि परीक्षणाच्या औषधाची एक, अशा दोन सरळ रेषा मिळतात. त्या परस्परांस समांतर असतील तर त्यांमधील आडव्या अंतरावरून नव्या औषधाची शक्ती निघते, आणि तीबरोबरच ती किती मर्यादेत विश्वसनीय आहे हेही सांगता येते. रेषा समांतर नसतील, तर त्याचा अर्थ असा की परीक्षणाचे द्रव्य प्रमाणित द्रव्याप्रमाणे वागत नाही. आणि अशा वेळी कितीही सुबक उत्तर काढता येत असले तरी ते काढावयाचे नाही, परीक्षण रद्द समजून पुन्हा करावयाचे, असा या शास्त्राचा दंडक आहे. शंभर तबकांवरील वर्तुळे मोजून थकलेल्या माणसाने, पुढे माल रवाना होण्याची घाई असताना, 'हे उत्तर ग्राह्य नाही' असे लिहून द्यावे, यास केवळ गणित पुरत नाही. औषधउद्योगातील संख्याशास्त्रज्ञाचे श्रेष्ठत्व बहुतांशी या एका वाक्याच्या ठायी आहे, असे माझे मत आहे, आणि पुढील इतिहास त्यास पुष्टीच देतो.

औषध कारखान्यातून निर्दोष निघाले, तरी ते रुग्णास गुण देते की नाही हा प्रश्न वेगळाच उरतो. १९४८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या चाचणीत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी एक नवी शिस्त घालून दिली: कोणत्या रुग्णास औषध द्यावयाचे आणि कोणास केवळ विश्रांती, हे डॉक्टरांच्या इच्छेवर न सोपविता यादृच्छिक अंकांनी ठरवून ते लखोट्यांत बंद करून ठेवले. सहा महिन्यांअखेर औषध घेतलेल्या ५५ रुग्णांपैकी ४ आणि न घेतलेल्या ५२ पैकी १४ दगावले. संख्या लहान होती. परंतु दोन्ही गट पूर्वग्रहाविना विभागलेले असल्याने त्यातील फरक औषधाचाच, हे नाकारता येण्याजोगे राहिले नाही. पुढच्याच वर्षी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम ५० रुग्णांत पाहून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि आयुर्वेदास शतकानुशतके परिचित असलेली वनस्पती जगाच्या औषधालयात नेऊन ठेवली; त्याबद्दल १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वकिलांची निरीक्षणशक्ती असामान्य होती, यात शंका नाही. परंतु चिठ्ठीने गट पाडून तुलना करण्याची रीत तेव्हा आपल्याकडे रुळली नव्हती, आणि वकिलांसारखी दृष्टी प्रत्येक वैद्यास लाभत नाही. म्हणूनच दृष्टीच्या अभावी पद्धतीने सत्य हाती यावे, अशी व्यवस्था शास्त्रास करावी लागते.

ही व्यवस्था कायद्याने बंधनकारक झाली ती एका अनर्थानंतर. थॅलिडोमाइड नावाचे औषध युरोपात गर्भवती स्त्रियांस दिले गेले आणि हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्मास आली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या औषध-प्रशासनातील अधिकारी बाईंनी कंपनीने वारंवार तगादा लावूनही पुरावा अपुरा असल्याचे सांगून परवानगी दिली नाही. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा सन्मान केला, आणि त्याच वर्षी अमेरिकन कायद्यात औषधाची परिणामकारकता सुयोग्य व नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करण्याची अट आली. न घडलेल्या गोष्टीबद्दल, न दिलेल्या परवानगीबद्दल, एका व्यक्तीस राष्ट्राने गौरविल्याचा हा प्रसंग मला या सर्व कथानकात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केल्सीबाई संख्याशास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु त्यांनी जे केले ते करण्यासाठीच पुढे जगभर औषधकंपन्यांत आणि नियामक दफ्तरांत संख्याशास्त्रज्ञांच्या नेमणुका होऊ लागल्या.

पुण्याच्या विभागात या काळात जे संशोधन होत गेले त्याचा ओघ औषधांकडे नकळत वळत होता, असे मागे वळून पाहता दिसते. कॅनडातील मॅनिटोबा येथे अध्यापन करून विभागात आलेले प्राध्यापक बळवंत केशव काळे यांनी १९७१ साली सिन्हा यांच्यासह लिहिलेल्या निबंधात, निरीक्षणांत एखादे सर्वस्वी विसंगत असताना सरासरी आयुर्मानाचा अंदाज कसा करावा, याची चर्चा केली होती; आणि ज्याने चाचणीची कोरी आकडेवारी एकदा तरी पाहिली आहे त्यास विसंगत नोंद टाकावी की ठेवावी हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा आहे हे सांगावयास नको. जयंत देशपांडे यांनी सुधा पुरोहित यांच्यासह जीवनकालाच्या सांख्यिकीवर ग्रंथ लिहिला. रुग्ण चाचणी अर्धवट सोडून गेला किंवा मुदत संपेपर्यंत जिवंत राहिला, तर त्याच्या अपूर्ण नोंदीचाही न्याय्य उपयोग कसा करावयाचा, हा त्या शाखेचा मुख्य विषय आहे. देशपांडे, गोरे आणि शानभोग यांच्या पुस्तकाने सर्वसामान्य वक्रात न बसणाऱ्या निरीक्षणांचे पृथक्करण विद्यार्थ्यांस शिकविले. अनिल गोरे, शरयू परांजपे आणि माधव कुलकर्णी यांनी अध्यापनासाठी शंभर माहितीसंच एकत्र केले, ते तर माझ्या मते विभागाचे एक मोठे लोकोपयोगी कार्य होय. कारण कल्पित आकड्यांवर शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्ष आकड्यांपुढे बावरतो, आणि खऱ्या मोजणीतून आलेल्या आकड्यांवर शिकलेला विद्यार्थी आधी विचारतो, हे मोजले कोणी आणि कसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विभागास प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. विद्यापीठाचे नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले.

विभागाच्या बाहेर, परंतु पुण्याशी पुढे निकटचा संबंध आलेले एक संशोधन येथे नोंदविणे अगत्याचे आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये शिकलेले सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८३ साली फिशर यांच्या अचूक कसोटीसाठी एक नवी गणनरीत प्रसिद्ध केली. ही कसोटी काय आहे ते एका लहान उदाहरणाने सांगतो. दहा रुग्णांपैकी पाचांना चिठ्ठ्या टाकून नवे औषध दिले व ते पाचही बरे झाले; उरलेल्या पाचांना जुने दिले, त्यातील एकच बरा झाला. औषधात काहीच दम नसता आणि जे सहा जण बरे झाले ते कसेही बरे होणारच होते असे धरले, तर केवळ चिठ्ठ्यांच्या खेळाने असा निकाल लागण्याची शक्यता किती? दहांतून पाच निवडण्याचे एकूण २५२ प्रकार आहेत. त्यांपैकी बरे होणाऱ्या सहांतूनच पाचही निवडले जाण्याचे प्रकार फक्त ६. म्हणजे बेचाळीसात एक. दहा रुग्णांसाठी हे बोटांवर मोजता येते. परंतु गट चारपाच झाले, निकालाचे प्रकार वाढले आणि रुग्णांची संख्या शंभरावर गेली की अशा मांडण्या इतक्या असंख्य होतात की एकेक मोजणे संगणकासही अशक्य व्हावे. मेहता आणि पटेल यांनी त्या सर्व मांडण्यांचे जाळे विणून, एकेक न मोजताच एकूण उत्तर काढण्याची युक्ती शोधली. दुर्मीळ व्याधी, विरळ दुष्परिणाम, लहान चाचण्या, अशा जेथे मोठ्या संख्येचे ठोकताळे फसवे ठरतात तेथे ही रीत आधारभूत झाली. १९८७ साली त्यांनी अमेरिकेत सायटेल ही संस्था काढली. तिचे एक मोठे कार्यालय पुण्यात आहे, आणि विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर गोरे यांनीही आपले ज्ञान तेथे उपयोगात आणले. सैद्धान्तिक विभाग आणि औषधउद्योग यांमधील अंतर पुण्यात अशा रीतीने काही मैलांवर आले.

या विद्येचे मोल किती, याची साक्ष १९८९ साली मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ज्या रुग्णांच्या ठोक्यांत अनियमितता असे, त्यांस ती अनियमितता दाबणारी औषधे देण्याचा प्रघात अमेरिकेत पडला होता. ठोके नियमित झालेले डॉक्टरांस डोळ्यांनी दिसत, आणि रुग्ण त्यामुळे वाचणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. चिठ्ठीने गट पाडून चाचणी केली तेव्हा औषध घेणाऱ्या ७३० रुग्णांपैकी ५६ दगावले, आणि निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. आकड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वी थांबविला. ठोके सुधारले होते आणि माणसे मरत होती. हे एका डॉक्टरास आपल्या दवाखान्यातील दहापंधरा रुग्णांवरून आयुष्यभर कळले नसते. त्या मंडळातील संख्याशास्त्रज्ञांनी ज्यांचे प्राण वाचविले त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, आणि वाचलेल्यांनाही आपण कशातून वाचलो याची वार्ता नाही.

भारतात नियमांची घडी यानंतर बसत गेली. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील, चाचण्यांविषयीची अनुसूची वाय १९८८ साली आली आणि २००५ साली तिची सुधारणा झाली; दरम्यान १९९८ साली चाचण्यांतील संख्याशास्त्रीय तत्त्वांचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज तयार झाला, ज्यात पृथक्करणाची रीत आकडे उघडण्यापूर्वी लिहून ठेवण्याची अपेक्षा स्पष्ट केली आहे. २० जुलै २००७ रोजी वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तीत आगाऊ नोंद करणे सक्तीचे झाले. २०१९ साली नव्या औषधांचे व चाचण्यांचे स्वतंत्र नियम अमलात आले. २०२० च्या महामारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेसह १,६०० स्वयंसेवकांवर लसीची चाचणी केली, तेव्हा चाचणी, गट, टक्केवारी, विश्वासमर्यादा हे शब्द परळीच्या चहाच्या दुकानांतही ऐकू येऊ लागले होते.

आता गौरवाचा प्रश्न. सिद्धान्ताचा गौरव करण्यात जग कृपण राहिलेले नाही. हुजूरबाजारांची कथा वर आलीच आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांना रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक आणि १९७१ साली पद्मभूषण मिळाले, आणि त्यांच्या नावाने भारत सरकार ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांस राष्ट्रीय पुरस्कार देते. संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार प्रथम २०१७ साली डेव्हिड कॉक्स यांना त्यांच्या १९७२ च्या ज्या निबंधाबद्दल दिला गेला तो तर औषधचाचण्यांचे नित्याचे हत्यार झालेला आहे. २०२३ साली तोच पुरस्कार वयाच्या १०२ व्या वर्षी सी. आर. राव यांना मिळाला. परंतु उद्योगाच्या आत, कंपनीच्या गोपनीय दफ्तरात केलेले काम निबंधरूपाने प्रसिद्ध होत नाही. चाचणीचा आराखडा करताना किती रुग्ण लागतील हे ठरविणारा, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचा हिशेब कसा धरावयाचा हे आधी लिहून ठेवणारा, आणि निकाल प्रतिकूल निघाल्यावर तो तसाच मांडणारा माणूस सन्मानाच्या कोणत्याही यादीत बसत नाही, कारण यादी करणारे छापील निबंध मोजतात.

इंग्लंडमध्ये ही उणीव ओळखली गेली. औषधउद्योगातील संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली पी. एस. आय. ही आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली, आणि १८३४ पासून चालत आलेल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसह तिने औषधउद्योगातील संख्याशास्त्रीय उत्कृष्टतेसाठी पुरस्कार ठेवला. व्यवसायाने आपल्या माणसांस आपणच ओळखावे आणि विद्वत्सभेने त्यावर आपली मोहोर उठवावी, ही योजना मला सर्वथा अनुकरणीय वाटते. मात्र असा पुरस्कार देणाऱ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावयास हवे. ज्या चाचणीतून यशस्वी औषध निघाले तिच्याच संख्याशास्त्रज्ञास पुरस्कार, असे होऊ लागले तर तो औषधाचा गौरव होईल, शास्त्राचा होणार नाही. निरुपयोगी औषध वेळीच निरुपयोगी ठरविणारी, थोड्या रुग्णांत निर्णय देऊन उरलेल्यांस धोक्यातून सोडविणारी, प्रश्नाची मांडणी इतकी चोख करणारी की उत्तर कोणत्याही बाजूस गेले तरी ते मान्य करावेच लागेल, अशी कामगिरी अधिक मोलाची समजली पाहिजे.

महाराष्ट्रात औषधउद्योग आहे, त्यास लागणारे संख्याशास्त्रज्ञ घडविणारे विभाग आहेत. आणि पुण्यामुंबईत सॅस या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या, चाचण्यांचे तक्ते आणि आलेख तयार करणाऱ्या मुलामुलींत मराठवाड्यातून गेलेल्यांचीही भर पडत आहे. आपल्या शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, जेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी नमुना किती घ्यावा या प्रश्नास दर वर्षी तोंड द्यावे लागते. आणि परळीतील महाविद्यालयांतही संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहेत. या दोघांची गाठ घालून देणे अवघड नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस, विशेषतः आपल्या भागातील शिक्षणसंस्थांच्या चालकांस आणि औषधव्यवसायातील मंडळींस, माझी विनंती अशी आहे की संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जन्मदिनी, २९ जूनला, २००७ पासून देशभर जो सांख्यिकी दिन पाळला जातो, त्या दिवशी परळीत दर वर्षी एक पारितोषिक दिले जावे. ते सर्वाधिक गुणांसाठी नसावे. एखाद्या औषधाविषयीच्या वा आरोग्यविषयक प्रश्नाचा अभ्यास कसा करावयाचा, किती माणसे घ्यावयाची, गट कसे पाडावयाचे आणि कोणता निकाल आल्यास आपले म्हणणे मागे घ्यावयाचे, हे आकडे गोळा करण्यापूर्वी सर्वांत स्पष्टपणे लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यास ते मिळावे. त्याच्या निधीस हातभार लावण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपला मनोदय संपादकमंडळास कळवावा.